परिचारिकांचे पहिले सर्वेक्षण करण्यापूर्वी

रुग्णसुरक्षेबद्दल परिचारिकांना काय वाटते हे विचारायला तुम्ही निघाला आहात, हे फार मोलाचे काम आहे. स्वतःची प्रश्नावली रचण्याचा मोह मात्र टाळा. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘हॉस्पिटल सर्व्हे ऑन पेशंट सेफ्टी कल्चर’ ही ४२ विधानांची प्रश्नावली किंवा तिची २०१९ची सुधारित आवृत्ती घ्या. नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- नकारार्थी विधानांचे गुण उलटे करायचे (म्हणजे ‘सहमत’ला कमी आणि ‘असहमत’ला जास्त गुण द्यायचे) राहून जातात.
- प्रश्नावली इन्चार्ज सिस्टरांच्या हस्ते वाटली जाते. त्या टेबलाशी उभ्या असल्या, की ‘माझी चूक सेवानोंदीत राहील अशी चिंता वाटते’ या विधानापुढे पेन थबकते आणि खूण ‘ना सहमत, ना असहमत’ या मधल्या पर्यायावर होते.

नाव विचारू नका, बंद पेटी ठेवा. प्रगत विश्लेषण नंतर शिकता येईल. आधी शिक्षेच्या भीतीविषयीची उत्तरे विभागवार वाचा.