उत्तर: एरंगळच्या खडकांतील डबी, भाचा आणि रविवारची पौर्णिमा

ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला. येत्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन मुंबईतील मढजवळच्या एरंगळच्या बाजूच्या खडकाळ टोकावर लपवलेली जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून शोधायची डबी, शोधायला निघावे, असा आपला बेत आहे. तिच्या माहितीत काठिण्य २ आणि भूप्रदेश ४ (दोन्ही पाचपैकी) असे लिहिलेले आहे. बूट कोणते घालावेत, फोनचा जीपीएस पुरेल का, आणि डबी मिळालीच नाही तर काय करावे, हे आपण विचारले आहे. वेळेविषयी मात्र काहीच विचारलेले नाही. माझ्या उत्तराचा मोठा भाग वेळेलाच जाणार आहे, कारण रविवारी पौर्णिमा आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, आणि तीही उधाणाची. म्हणजे आपण टोकाखालच्या खडपात, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांत, उतरणार त्या वेळी तेथे उतरायला खडप उरलेलेच नसेल. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आणि तिच्या साधारण सव्वासहा तास आधी ओहोटीचा तळ असतो. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून सकाळची ओहोटी पावणेनऊच्या सुमारास. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणून ओहोटी सव्वादहाच्या सुमारास. आपला बेत सहा दिवसांनी पुढे ढकलून शनिवारी षष्ठीला गेलात, तर भाच्याला पहाटे उठवावे लागणार नाही आणि पाणीही बऱ्यापैकी उतरलेले असेल. अष्टमीपर्यंत मात्र थांबू नका. त्या दिवशी ओहोटी ऐन दुपारी येते खरी, पण ती भांगाची असते. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. हा सगळा हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच.

ओहोटीचा तळ ही पोहोचण्याची वेळ नव्हे, ती परत फिरण्याची वेळ आहे. सव्वादहाला तळ असेल तर साडेआठ-पावणेनऊला चालायला लागावे आणि सव्वादहाला, डबी मिळो अथवा न मिळो, पाठ फिरवावी. याचे कारण असे की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांतील पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, आणि मग त्याच क्रमाने वेग कमी होतो. चढउतार चार मीटरचा धरला, तर पहिल्या तासात जेमतेम एक फूट पाणी वाढते, आणि तेवढ्यावरून माणूस निर्धास्त होतो; तिसऱ्या तासात तेच पाणी पुरते एक मीटर वर येते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असे सांगायला आवडले असते. प्रत्यक्षात बऱ्याच वर्षांपूर्वी याच पट्ट्यात एका कपारीसमोर फोनमधल्या बाणाकडे पाहत मी तासभर घालवला. समोरचा समुद्र अगदी शांत होता, पण येताना ज्या घळीतून सुक्या पायांनी आलो होतो ती मागच्या मागे भरून गेली होती. कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढून परतणाऱ्या एका कोळीण मावशींनी वरून हाक मारली, झुडपांमधून चढणारी पायवाट दाखवली आणि एवढेच म्हणाल्या, "पाणी मागून येतं रे, समोरून नाय." तेव्हापासून खडपात उतरण्याआधी वर चढून जाण्याची वाट कोठे आहे ते मी पाहून ठेवतो. आपणही तेच करावे, आणि भाच्याला ती वाट शोधायला सांगावी; डबी शोधण्याइतकेच ते काम त्याला रंजक वाटेल.

आता जागेविषयी. मुंबईला कोकणासारखे उंच कडे फारसे नाहीत, मढ-एरंगळकडेही जी उतरण आहे ती पाहून कोणी घाबरणार नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. या भागातील लाव्हाचे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेले आहेत. मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात काळ्या बेसाल्टखेरीज ट्रॅकाइटसारखे फिक्या रंगाचे ज्वालामुखी खडकही आढळतात, आणि भाच्याला दगडांची आवड असेल तर तेवढ्यासाठीही ही चाल करण्याजोगी आहे. परंतु थर समुद्राकडे उतरते असल्यामुळे पाय घसरला की माणूस जमिनीकडे नव्हे, पाण्याकडे जातो. हिरवे शेवाळ दिसते म्हणून आपण ते टाळतो. त्याहून वाईट तो काळपट, तुकतुकीत थर, जो नुसता ओला दगड वाटतो. बूट खोल खाचांच्या रबरी तळव्याचे आणि घोटा झाकणारे असावेत, सँडल अजिबात नकोत, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. पावसाळा सरला आहे म्हणून मी हो म्हणतो आहे. जून ते सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर एका शब्दात संपले असते.

जीपीएसचे म्हणाल तर फोन पुरेसा आहे, फक्त त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठाऊक हवे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली; त्याआधी जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होती. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पहिली बादली लपवली गेली आणि या खेळाचा जन्म झाला. आज मोकळ्या मैदानात चूक काही मीटरचीच असते, पण कड्याच्या पायथ्याशी अर्धे आकाश झाकलेले असते आणि संदेश दगडावरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे बाण कधी समुद्रात तर कधी कड्याच्या पोटात शिरतो. लपवणाऱ्याच्या फोनचीही अशीच चूक झालेली असू शकते. म्हणून अंतर दहा मीटरवर आले की फोन खिशात ठेवावा.

एक चूक मात्र माणसाची असते, उपग्रहाची नव्हे. या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. समजा मिनिटांपुढे ·४५० असे आहे. नवखा माणूस ते ४५ सेकंद असे वाचतो. वास्तविक ते २७ सेकंद असतात. अठरा सेकंदांचा हा फरक अक्षांशात जवळजवळ साडेपाचशे मीटरचा होतो, आणि खडकाळ किनाऱ्यावर साडेपाचशे मीटर म्हणजे दुसरेच टोक. शेवटचा, म्हणजे हजारांश मिनिटाचा आकडा एकाने चुकला तर फरक दोन मीटरहूनही कमी पडतो. त्याची काळजी करू नये.

फोन खिशात गेला की डोके चालवायचे. लपवणाऱ्याला आपली डबी पहिल्याच उधाणात वाहून जायला नको असते, त्यामुळे ती सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेच्या वरच असणार. ही रेषा दगडावर दिसते: खाली कालवे आणि शेवाळ, मग काळपट पट्टा, आणि त्यावर कोरडा, गवत उगवलेला दगड. शोध त्या कोरड्या भागात घ्यावा. खाली ओल्यात शोधणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते भिजण्यापलीकडे काही मिळवत नाहीत. डबी पुरलेली नसते, जमीन खणून लपवायला नियमांची मनाई आहे, त्यामुळे काही उकरू नका. निसर्गात दगड एकावर एक नीट रचून बसत नाहीत. असे रचलेले तीन-चार दगड दिसले की तेथे वाकावे, पण कपारीत आधी काठी घालावी आणि मग हात, कारण विंचू आणि फुरसे यांनाही तीच जागा आवडते. काठिण्य २ आहे, म्हणजे डोळ्यांसमोर अर्ध्या तासात सापडण्याजोगी. कष्ट आहेत ते भूप्रदेशाच्या ४ मध्ये, पोहोचण्यात.

मालाड स्थानकावरून मढ जेट्टीला जाणारी २७१ क्रमांकाची बस मिळते. वर्सोव्याहून तरीनेही मढला येता येते, पण तेथून एरंगळला पुन्हा वाहन शोधावे लागते. मार्वेला नौदलाचा तळ आहे आणि मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे बाण कुंपणापलीकडे दाखवू लागला तर तो चुकला आहे असे समजून मागे फिरावे, आणि त्या बाजूला छायाचित्रे काढू नयेत. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर समुद्रमार्गे आले, तेव्हापासून किनाऱ्यावरची माणसे खडकांत चाचपडणाऱ्या अनोळखी व्यक्तीकडे पाहतात, आणि त्यांनी पाहिलेच पाहिजे. कोणी विचारले तर आडपडदा न ठेवता खेळ समजावून सांगावा. 'कॅश' शब्दावरून पैशांचा गैरसमज होतो, म्हणून मी सरळ 'डबी' म्हणतो. आणीबाणीत ११२, आणि समुद्रात कोणी अडकले तर तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवा.

डबी मिळाली नाही तर 'सापडली नाही' अशी नोंद न लाजता करावी. नवे लोक ती टाळतात, आणि त्यामुळे वाहून गेलेल्या डबीचा लपवणाऱ्याला महिनोन्महिने पत्ताच लागत नाही. मिळाली, तर आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहावी, भाच्याला एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर तिच्या तोलाची दुसरी ठेवावी, झाकण घट्ट लावावे आणि दगड होते तसेच रचावेत. पेन मात्र स्वतःचे न्यावे, शक्यतो पेन्सिलच, कारण खाऱ्या हवेत दमट झालेल्या कागदावर शाई उमटत नाही. आणि डबी बोटाच्या पेराएवढी निघाली तर नोंदीच्या कागदाची गुंडाळी बाहेर काढायला घरातला लहान चिमटा उपयोगी पडतो.