लाकडी डोलकाठी बाहेर ठेवायची असेल तर उन्हापासून कशी वाचवायची?

काठी गुंडाळू नका, तिच्यावर सावली करा. घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी चालेल, पण तुमच्या प्रश्नात दोनतीन गोष्टी अशा आहेत की त्यावर नीट लिहावंसं वाटतंय.

तुम्ही लिहिलंय की होडी जुनी एंटरप्राइज (शर्यतीची छोटी शिडाची होडी) आहे, अलिबागजवळ घराच्या आवारात असते, होडी शेडमध्ये मावते पण काठी मावत नाही म्हणून ती बाहेर भिंतीलगत आडवी ठेवता, निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून वरून पॅकिंग टेप मारता, तरी व्हार्निश सुटतंय आणि आता पीव्हीसी पाइपात घालून ठेवू का असा विचार आहे. सगळ्यात आधी सांगतो, लाकडी काठी असलेली एंटरप्राइज तुमच्याकडे आहे म्हणजे ती जपण्यासारखीच वस्तू आहे. होड्यांचे आराखडे करणाऱ्या जॅक होल्टने १९५६ साली या होडीचा आराखडा काढला तेव्हा काठी लाकडाचीच असायची, अ‍ॅल्युमिनियम नंतर आलं आणि आता तशी लाकडी काठी कोणी सहज बनवूनही देत नाही. तेव्हा ही टाकून अ‍ॅल्युमिनियमची घ्या असा सल्ला कोणी दिला तर प्लीज ऐकू नका.

आता ऊन नेमकं काय करतं ते बघा. व्हार्निश पारदर्शक असतं, म्हणून उन्हातले अतिनील किरण बऱ्याच अंशी त्यातून आरपार जातात आणि खालच्या लाकडावर पडतात. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं जे लिग्निन असतं ते या किरणांनी तुटतं. म्हणजे वरचा थर अजून चकचकीत दिसत असतो पण त्याने ज्याला धरलंय तोच पृष्ठभाग भुसभुशीत झालेला असतो, आणि मग एक दिवस ते व्हार्निश कांद्याच्या सालीसारखं पापुद्र्यांनी निघायला लागतं. त्या फटीतून पाणी आत जातं, लाकूड आधी राखाडी पडतं, मग स्क्रूंच्या आजूबाजूला काळे डाग येतात. काळा डाग दिसला की समजायचं पाणी आत पोचलं.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, की होडीवर उभी असलेली काठी उन्हाचा जेवढा मार खाते त्यापेक्षा आडवी ठेवलेली जास्त खाते. उभ्या काठीवर दुपारचं ऊन तिरकं घसरून जातं आणि होडी फिरत असते त्यामुळे बाजूही बदलते. आडव्या काठीची मात्र एकच बाजू महिनोन्महिने आभाळाकडे असते, दुपारचं ऊन थेट त्याच पट्ट्यावर. तुमची काठी आत्ता जाऊन बघा, वरच्या अंगावर नखाने हलकं ओढून बघा आणि मग तसंच खालच्या अंगावर. खाली व्हार्निश मधासारखं पिवळं आणि घट्ट असेल, वर ते निस्तेज होऊन बारीक चिरा पडलेल्या असतील आणि नखाबरोबर पांढरट भुगा येईल. मग दोन्हीकडे पाण्याचा एकेक थेंब टाका. थेंब गोल बसून राहिला तर ठीक, पसरून लाकूड काळपट झालं तर तिथलं व्हार्निश संपलं, नुसतं झाकून आता उपयोग नाही.

ताडपत्रीबद्दल. ती निळी स्वस्तातली ताडपत्री प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांची असते आणि तिलाच ऊन सोसत नाही, एका सीझनमध्ये तिचा निळा चुरा व्हायला लागतो. पण खरा त्रास घट्ट गुंडाळण्याचा आहे. आपल्या हवेत दमटपणा किती असतो तुम्हाला माहितीच आहे, दिवसा प्लास्टिकच्या आत भट्टी तापते, रात्री गार झालं की आत पाणी सुटतं आणि ते बाहेर जायला वाव नाही. उन्हाने कमकुवत झालेल्या व्हार्निशखाली ही वाफ शिरली की फोड येतात. पॅकिंग टेप तर थेट व्हार्निशवर कधीच नको, उन्हात तिचा गोंद असा भाजून बसतो की काढताना व्हार्निशही घेऊन येते. बांधायला सुती नाडी वापरा.

पीव्हीसी पाइप वाईट नाही, प्रकाश पूर्ण अडतो, पण दोन्ही टोकं बंद केलीत तर परत तीच वाफेची गोष्ट. शिवाय पाइप २० फुटी मिळतात आणि काठीला उभी धरणाऱ्या तारांचे कान, कप्पी वगैरे धरून काठी आत जायची तर बराच जाड पाइप घ्यावा लागेल, जोडही द्यावा लागेल. तरी करायचंच असेल तर खालच्या अंगाला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडा, टोकांना झाकण न लावता मच्छरदाणीची जाळी बांधा (नाहीतर कुंभारीण माश्या आत मातीची घरं करतात), आणि पाइपही सावलीतच ठेवा कारण उन्हात तो स्वतः ठिसूळ होतो.

माझ्या मते याहून सोपा उपाय आहे आणि तो आपल्या किनाऱ्यावर आधीपासूनच आहे. पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्यांवर नारळाच्या झावळ्यांची झापं घालतात ना, तसं. ऊन अडतं, वारा खेळतो, आतलं लाकूड श्वास घेतं. काठीसाठी तेच करायचं, वर एक छोटं उतरतं छप्पर आणि खालून मोकळं. झापं मिळत असतील तर उत्तमच. नाहीतर शेतीचं ९० टक्केवालं शेडनेट दुहेरी करून ताणा, किंवा जुना फ्लेक्स बॅनर, त्यातही ज्याची मागची बाजू काळी असते तो, कारण त्यातून उजेड जात नाही. फक्त तो काठीला टेकू द्यायचा नाही, वीतभर वर हवा. खर्च करायची तयारी असेल तर शिंप्याकडून जाड कॅनव्हासची लांब खोळ शिवून घ्या, खालच्या बाजूला पूर्ण लांबीत उघडी, मधे मधे नाड्या, आणि शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची सांगा कारण सुती दोरा लवकर कुजतो.

जागेबद्दल, उत्तरेकडची भिंत सावलीची असं आपण धरून चालतो पण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडे सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे ऐन मेमध्ये त्या भिंतीवर ऊन येतंच. आणि ढग असले म्हणून अतिनील किरण पूर्ण थांबत नाहीत. तेव्हा उत्तरेची भिंत घ्या पण वर छप्पर हवंच. घराची वळचण रुंद असेल तर तिच्या अगदी आत, भिंतीला धरून लावा, पागोळ्यांचं पाणी थेट काठीवर पडेल अशा जागी नको. जमिनीवर तर मुळीच नको, वाळवी. भिंतीत तीन-चार ब्रॅकेट मारा, दोनच टेकू दिले तर एवढी लांब काठी मधे झोळ खाते आणि तो बाक मग निघत नाही. शीड सरकवायची खाच खाली तोंड करून ठेवा म्हणजे तिच्यात पाणी साठणार नाही. ब्रॅकेटवर गालिच्याचे तुकडे लावतात काही लोक, ते ओले राहतात, त्यापेक्षा जुनी दोरी गुंडाळलेली बरी.

ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा आणि दोनतीन दिवस सावलीत वाळू द्या. सगळ्या दोऱ्या काढून घरात ठेवा, ऊन त्यांनाही खातं, पॉलिप्रॉपिलीनच्या स्वस्त दोरीला तर सगळ्यात आधी. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) काढताना तिच्या टोकाला बारीक सुतळी बांधून आत ओढून घ्या म्हणजे परत ओवायचा त्रास नाही.

आणि व्हार्निश. हे काम पावसाळ्यात करायचं नाही, त्या दमट हवेत ते नीट वाळतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं, सकाळी दव उडाल्यावर सुरू करून दुपारच्या आत हात मारून मोकळं व्हायचं म्हणजे संध्याकाळचं दव पडेपर्यंत वरचा थर धरतो. सुतार म्हणेल मेलामाइन मारून देतो किंवा लाखेचं पॉलिश करून देतो, दोन्हीला नाही म्हणा, ती घरातल्या फर्निचरची कामं आहेत. मेलामाइन कडक असतं, काठी वाऱ्यात वाकते तेव्हा तडकतं, आणि लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. अतिनील किरण शोषणारं मरीन किंवा स्पार व्हार्निश मागा, ते लवचीक असतं. सुटलेलं सगळं १२० नंबर पॉलिश पेपरने काढा, राखाडी लाकूड जाऊन खालचं ताजं दिसेपर्यंत, नाहीतर नवीन व्हार्निश त्या मेलेल्या तंतूंवरच बसेल आणि परत सुटेल. मग २२०. पहिला हात निम्मं थिनर घालून पातळ, तो लाकडात मुरतो, पुढचे हळूहळू दाट, एकूण पाच-सहा तरी. दोन हातांच्या मधे बारीक पेपर हलका फिरवा. शेंड्याला आणि बुडाला, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे एक-दोन हात जास्तच. शेंडा पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलात तरी छान, रंगातून ऊन आरपार जात नाही, जुन्या लाकडी काठ्यांचे शेंडे तसे रंगवलेले दिसतात ते उगाच नाही. एकदा पूर्ण झालं की पुढे दरवर्षी एक-दोन हात पुरतात, फक्त ते व्हार्निश चिरायच्या आधी मारायचे.

काठी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून करायच्या रेझिनच्या गोंदाने) चिकटवलेली किंवा वरून इपॉक्सी मारलेली असेल तर त्यावरही व्हार्निश लागेलच, उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून खडूसारखं होतं.

पाण्याच्या थेंबाचं करून बघा आणि वरच्या अंगाचा जवळून फोटो टाका. काळे डाग स्क्रूपुरतेच आहेत की चिकटवलेल्या सांध्याच्या रेषेवरही आलेत हे बघायचंय, कारण सांधा उघडायला लागला असेल तर व्हार्निशच्या आधी त्याचं काम करावं लागेल.