४-३-३ ने वर चढून प्रेस केलं की एका लांब बॉलवर गोल का खातो?

तुम्ही विचारलंय की वर चढून प्रेस करतो (म्हणजे समोरच्यांच्या हाफमध्येच बॉल हिसकावायला धावतो), बॉलही बऱ्याचदा मिळतो, पण डोक्यावरून आलेल्या एका लांब बॉलवर दर मॅचला गोल खातो, तर ४-३-३ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) सोडून ४-४-२ करावं का? नका करू. तुमचे पुढचे तिघे धावतात तेव्हा दोन्ही सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, कुठे असतात, ते आधी बघा. बहुतेक स्वतःच्या डीपाशीच (गोलसमोरच्या चौकोनापाशीच) असतील.

आमचीही हीच गत होती. पुण्यात आम्ही सगळे टर्फवर पाच-पाच जणांत खेळून तयार झालेलो. जाळीच्या आत एवढंसं मैदान, ऑफसाइडची (पास सुटताना मागच्या डिफेंडरांच्या पलीकडे उभं राहिलेल्याला पकडण्याची) भानगड नाही, एकटा गडी बॉलमागे सुटला तरी काहीतरी हाताला लागतं. मग एखाद्या रविवारी मोठ्या मैदानावर अकरा जणांची मॅच ठरते. पुढचे तिघे टर्फच्या सवयीने सुटतात, मागचे चौघे भीतीने जागा सोडत नाहीत आणि मधल्या तिघांच्या वाट्याला अख्खं रान येतं. समोरचा मिडफिल्डर तिथे निवांत वळतो, मान वर करतो आणि बॉल टाकतो. शिव्या मात्र सेंटर बॅकला.

कबड्डी खेळला असाल तर प्रेसिंग पटकन कळेल. चढाईवाल्याला आधी कोपऱ्याकडे जाऊ देतात, मग साखळी आवळते. एकट्यानेच झडप घातली की तो हात लावून परत. इथे कोपरा म्हणजे साइडलाइन. तुमच्या सेंटर फॉरवर्डने सरळ न धावता वळसा घेऊन यायचं, म्हणजे त्यांच्या दोन सेंटर बॅकमधला पास बंद होतो आणि बॉल फुल बॅककडेच, म्हणजे कडेच्या डिफेंडरकडे जातो. बॉल तिथे गेला की विंगरने (कडेच्या फॉरवर्डने) झडप घालायची, जवळच्या मिडफिल्डरने आतला पास अडवायचा, आपल्या फुल बॅकने त्यांच्या विंगरला चिकटायचं. सगळं एकाच वेळी. खूण ठरवून घ्या: बॅक पास, लांब गेलेला पहिला टच, किंवा स्वतःच्या गोलकडे तोंड करून बॉल घेणारा गडी. खूण नसेल तर गप्प जागेवर उभं राहायचं. आमच्या पोरांना हे सगळ्यात जड गेलं.

आता मागची रेषा, म्हणजे मागच्या चौघांची ओळ. कोच अरिगो साकीच्या मिलानमध्ये पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या डिफेंडरपर्यंत साधारण २५ मीटर अंतर ठेवायचा आग्रह असे. आपल्याला ३५ जमलं तरी पुष्कळ. पण रेषा नुसती वर नेऊन भागत नाही. पास देणाऱ्याच्या अंगावर कुणी असेल तर वर राहायचं. तो मोकळा असून मान वर करून बघत असेल तर त्याने पाय उचलायच्या आतच पाच-सहा पावलं मागे. २६ ऑक्टोबर २०२४ ला बर्नाबेऊवर कोच फ्लिकच्या बार्सिलोनाने रेषा वर ठेवून रेआल माद्रिदला १२ वेळा ऑफसाइड पकडलं, त्यातला एम्बापे एकटाच ८ वेळा, आणि ४-० ने जिंकले. उलट ४ ऑक्टोबर २०२० ला कोच क्लॉपचं लिव्हरपूल ॲस्टन व्हिलाकडून ७-२ हरलं. गोलमध्ये नेहमीचा गोलकीपर आलिसन नव्हता, काही गोल पाय लागून वळले, हे सगळं मान्य. पण रेषा वर आणि बॉलवाला मोकळा, हे त्या दिवशी वारंवार दिसलं.

गोलकीपरलाही गोललाइनवरून हलवा. बॉल त्यांच्या हाफमध्ये असताना त्याने डीच्या बाहेर उभं राहावं.

एक अडचण आपल्याकडचीच. रविवारच्या मॅचला लाइन्समन नसतो, रेफरी बिचारा मधूनच बघतो. ऑफसाइड ट्रॅपवर सगळी भिस्त ठेवाल तर निम्मे निर्णय वादात जातील, म्हणून एक वेगवान सेंटर बॅक कायम दोन पावलं आधी वळलेला ठेवा. आणि एप्रिलच्या उन्हात ९० मिनिटं हे जमत नाही, प्रयत्नही करू नका. दोन्ही हाफची पहिली १५ मिनिटं पुरे, बाकी वेळ मधल्या रेषेपाशी थांबा.

तुमचे फुल बॅक किती पळतात ते कमेंटमध्ये सांगा. विंगरने नेमकं कुणाला धरायचं ते त्यावर ठरेल.