‘15 मिनिटांनी’ की ‘15 मिनिटांची’?

प्रश्न असा आला आहे : सोसायटीच्या मीटर-खोलीत तीन फेजचा एनर्जी मॉनिटर (वीजवापर सतत मोजून टिपून ठेवणारं यंत्र) बसवला आहे, त्याचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. ‘डेटा लॉगिंग’ला ‘डेटा नोंदणी’ आणि ‘लॉगिंग इंटरव्हल’ला ‘नोंदणी कालावधी’ लिहिलं तर चालेल का?

‘नोंदणी’ नको. नोंदणी दस्ताची होते, लग्नाची होते, खुद्द सोसायटीचीही होते. एकदा केली की झाली. मॉनिटर रात्रंदिवस करतो ते नोंदी घेण्याचं काम. तेव्हा ‘नोंद’, ‘नोंदी घेणे’, ‘नोंदी ठेवणे’. ‘रेकॉर्डिंग’वरून कुणी ‘मुद्रण’ सुचवेल, तर तेही नको; व्होल्टेजचं मुद्रण म्हटलं की वाचणारा छापखाना शोधेल. ‘डेटा’ला सरकारी परिभाषेत ‘आधारसामग्री’ आहे, नेटवर काही मंडळी ‘विदा’ लिहितात. पण वायरमनच्या हातात जाणाऱ्या कागदावर मी ‘डेटा’च ठेवीन, किंवा तोही गाळून नुसतं ‘नोंदी’ म्हणेन.

जुन्या हिशेबातला एक फरक इथे कामी येतो. मीटरवरचा युनिटांचा आकडा म्हणजे शिल्लक, आजवरची बेरीज. मॉनिटरच्या नोंदी म्हणजे किर्द : कधी, किती, ओळीने. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग मिळतं, पण पंप रात्री दोन वाजता चालला होता की नाही ते किर्दच सांगते.

आता ‘कालावधी’. खरी अडचण या शब्दाची आहे. ‘नोंदीचा कालावधी 15 मिनिटे’ वाचून कुणालाही वाटेल की यंत्र पाव तास नोंदी घेतं आणि थांबतं. शिबिराचा कालावधी, कर्जाचा कालावधी, असाच हा शब्द आपण वापरतो. ‘कालांतर’ म्हणावं तर ‘कालांतराने’ आडवं येतं, आणि ‘मध्यंतर’ म्हटलं की वडापावची आठवण! नाम शोधण्याचा हट्टच सोडा. मराठीत हे काम ‘दर’ आणि विभक्तीचा प्रत्यय मिळून चोख करतात : ‘दर 15 मिनिटांनी नोंद’. स्क्रीनवर जागा कमी असेल तर ‘नोंद दर : __ मिनिटांनी’.

पण इथे एक खाच आहे, आणि माहितीपत्रक करणारे बहुतेक जण तिच्यावरून सरळ पुढे जातात. ‘15 मिनिटांनी’ घेतलेली नोंद आणि ‘15 मिनिटांची’ नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंपाची मोटर 6 किलोवॉट ओढते असं धरा. सव्वादहा ते साडेदहा या पाव तासात ती मधली पाचच मिनिटं चालली. यंत्र साडेदहाच्या ठोक्याला त्या क्षणाचं रीडिंग टिपत असेल, तर पंपाच्या नावावर शून्य पडेल. मोटर नेमकी त्या क्षणी चालू असती तर 6 पडले असते. तेच यंत्र पाव तासाची सरासरी काढत असेल, तर नोंद 2 किलोवॉटची होईल, आणि त्या तुकड्यातली वीज भरेल अर्धा युनिट. पहिला प्रकार ‘-नी’चा, दुसरा ‘-ची’चा. व्होल्टेजसाठी पहिला चालून जातो, विजेच्या वापरासाठी दुसराच हवा. देशाच्या ग्रिडचं वेळापत्रकही 15 मिनिटांच्या 96 तुकड्यांत आखतात, तिथेही हिशेब तुकड्याचाच असतो, क्षणाचा नव्हे.

म्हणून इंग्रजी पत्रकात कुठे ‘अ‍ॅव्हरेज’ आहे आणि कुठे ‘इन्स्टंटेनिअस’ ते आधी पाहा. पहिल्यासाठी ‘दर 15 मिनिटांनी, त्या 15 मिनिटांची सरासरी’ असं पुरतं लिहा, दुसऱ्यासाठी ‘दर 15 मिनिटांनी, त्या क्षणाचं रीडिंग’. लांबतं, लांबू द्या.

बाकीचे शब्द पटापट. ‘युनिट’ हा शब्द आपल्याकडे किलोवॉट-तासाने कधीच बळकावला आहे, त्यामुळे मोजमापाच्या युनिटला ‘एकक’ म्हणा. ‘मल्टिप्लाइंग फॅक्टर’साठी (रीडिंगला ज्या आकड्याने गुणायचं तो) नवं काही घडवू नका, महावितरणच्या बिलावर ‘गुणक अवयव’ छापलेला असतो. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मोजण्याजोगा लहान करून देणारा) मात्र सीटीच. ‘सेट’ असेल तिथे घड्याळ ‘लावा’, बाकीचं ‘ठरवा’ किंवा ‘निवडा’. ‘कॉन्फिगर’ला ‘संरूपण करा’ म्हटलं तर कुणी बटणाला हात लावणार नाही.

मेमरीबद्दल एक गणित पत्रकात जरूर द्या, शब्दांपेक्षा ते लवकर समजतं. 35,040 नोंदींची जागा असेल तर दर 15 मिनिटांनी घेतल्यास वर्ष निघतं, दर मिनिटाला घेतल्यास 24 दिवस 8 तासांत जागा संपते. ‘ओव्हरराइट’ला ‘अधिलेखन’ हा बनवलेला शब्द मला वाचायलाही जड जातो. दोन पर्याय सरळ आज्ञार्थात द्या : ‘जागा संपल्यावर सर्वांत जुनी नोंद पुसून नवी घ्या’ आणि ‘जागा संपल्यावर थांबा’. ‘क्लिअर लॉग’ला ‘सर्व नोंदी पुसा’ लिहा. मीटर-खोलीत ‘साफ करा’ म्हटलं तर कुणी फडकं घेऊन येईल. काही मॉनिटरमध्ये मिनिटांचा आकडा बदलला की आधीच्या नोंदी आपोआप जातात. तुमचा तसा असेल तर ती सूचना ठळक टाइपात, आणि बटण दाबायच्या पायरीच्या आधी छापा.