रविवारी चर्चला गेलो, गाणी म्हटली, अर्पण टाकलं, एवढ्यानं देवाची उपासना होते का?

होते, पण अर्धीच. बायबलच्या हिशेबात रविवारची भक्ती आणि सोमवार ते शनिवारचं वागणं ही एकच उपासना आहे. रोमकरांस पत्र 12:1 मध्ये येशूचा प्रेषित पौल स्वतःचं शरीर ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पण करायला सांगतो, म्हणजे कामावरचे तास, पैसा, जीभ सगळंच त्यात आलं. देवाला काय आवडतं हे इब्री लोकांस पत्र 13:15-16 मध्ये थेट लिहिलंय: ओठांनी स्तुती, चांगलं करणं आणि आपल्याजवळचं वाटून घेणं.

बहुतेकांचं अडतं ते मत्तयच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या शब्दांपाशी (5:23-24). अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग परत यायचं. वाक्य नीट वाचा: राग तुमच्या मनात असो-नसो, त्याच्या मनात असला तरी उठायचं तुम्हीच. दानाचंही तसंच. करिंथकरांस पहिलं पत्र 16:2 प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानानं रक्कम बाजूला काढायची. पेटी समोर आल्यावर खिसे चाचपणं हे दान नव्हे, सुट्टे पैसे काढणं झालं. आणि मजुराची मजुरी थकवून गायलेल्या स्तोत्रांचं काय होतं, ते आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात (5:21-24) वाचा.

मात्र यातून तारण, म्हणजे पापापासून सुटका, कमावता येत नाही. ते कृपेनं, विश्वासाद्वारे मिळतं (इफिसकरांस पत्र 2:8-9). सत्कर्मं त्यानंतरची, त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनातली.