आठ शिंगांचा राऊटर आणि कोनाड्याची भिंत

प्रश्न : ताई, आमचं घर पंचवटीत आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचं. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या, आणि गच्चीवर मागाहून बांधलेली एक. नेटचा डबा (राऊटर) ओसरीत लोखंडी कपाटावर ठेवलाय, म्हणजे नातवंडांचा हात पोचत नाही. प्लॅन १५० एमबीपीएसचा. मुलगा वरच्या मागच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. मीटिंगमध्ये त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मुलगी गच्चीवरच्या खोलीत 'नीट'चा क्लास करते, ती तर मोबाइलच्याच नेटवर असते. भाचा म्हणतो, वाय-फाय ७ चा, म्हणजे नव्या पिढीचा, आठ अँटेनांचा राऊटर घ्या, २३,५०० रुपये, एकदाच काय तो खर्च. हे म्हणतात, एवढ्यात फ्रीज येतो. काय करावं?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : फ्रीज जुना झाला असेल तर तो घ्या. राऊटर इतक्यात नको.

भाच्यावर रागावू नका, तो त्याच्या घराच्या हिशेबाने बोलतोय. नव्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या. तुमची भिंत किती जाड आहे ते पाहायला टेप नको, माजघरातला कोनाडा बघा. त्यात समई उभी राहत असेल, आणि कोनाड्यामागेही भिंत उरतेच, तर ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत अशा किती भिंती लागतात ते मोजा. मी टेलिफोन खात्यात होते तेव्हा रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटी हा भाग माझ्याकडे होता. त्या वाड्यांमधून एक साधी वायर पलीकडे काढायची म्हटली तरी लाइनमन हात जोडायचा. भोक पाडायला घेतलं की वीट एकीकडे, माती दुसरीकडे, आणि घरातल्या आजी डोक्यावर पदर घेऊन 'अहो, वाडा पाडता की काय' म्हणून उभ्या.

तेव्हाची एक गोष्ट आजही तशीच्या तशी लागू पडते. ग्राहक तक्रार करायचे, 'आवाज बारीक येतो, इन्स्ट्रुमेंट बदलून द्या.' आम्ही नवं इन्स्ट्रुमेंट लावायचो, आवाज बारीकच. मग लाइनमन शिडी लावून खांबावरचा जॉइंट उघडायचा, तर आत तांबं कळकलेलं, हिरवंगार. नेटचंही तसंच आहे. आधी कुठे अडतंय ते शोधायचं, पैसे नंतर.

तर आज रात्री नऊला, सगळे घरी असताना, एवढं करा. मुलाचा लॅपटॉप ओसरीत आणा, लॅनच्या वायरीने थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग वायर काढून तिथेच उभं राहून मोबाइलवर वाय-फायने घ्या. मग मागच्या खोलीत, मग गच्चीवर. चार आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. वायरीवरच १५० ऐवजी ३० येत असतील तर दोष लाइनीचा. मग पंचवीस हजारांचा राऊटर आणा नाहीतर सोन्याचा आणा, कंपनीकडेच तक्रार करावी लागेल. वायरीवर १५० आणि डब्याजवळ वाय-फायवर ३५-४० असतील, तर बहुधा डबा जुना आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या, हळू पट्ट्यावर चालणारा आहे, तो बदलायला हवा. पण तुमचं वर्णन वाचून माझा अंदाज असा, की ओसरीत सगळं झकास दिसेल आणि मागच्या खोलीत आकडा कोसळेल. म्हणजे राऊटर नाही, भिंती अडवतायत.

आता एक आकडा वेगळा सांगते, कारण त्याने मला स्वतःला फसवलंय. वायरीवर बरोब्बर ९४-९५ येऊन अडकलं, एकानेही पुढे सरकत नसलं, तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचंच पोर्ट (वायर खोचायची खाच) किंवा अर्धीच जोडलेली वायर आहे. निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हौसेने चौदा हजारांचा राऊटर आणला. प्लॅन ३०० चा, आकडा ९४. तीन आठवडे मी राऊटरला आणि कंपनीला आलटून पालटून शिव्या घातल्या. शेवटी आमचा जुना लाइनमन चहाला आला होता, त्याने वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा जॅक उजेडात धरला आणि हसायलाच लागला. आठ तारांपैकी चारच आत गेल्या होत्या. नारिंगी आणि हिरवी जोडी जागेवर, निळी आणि तपकिरी मागे दुमडून चिकटपट्टीखाली दाबलेली. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्याच्या वर जायला चारही लागतात. वायरमनने घाई केली, आणि एवढी वर्षं जोड्या मोजण्यात घालवलेल्या बाईने तो जॅक एकदाही बघितला नव्हता. नवा जॅक, दहा मिनिटं, आकडा २९०. चौदा हजारांचा राऊटर आणायची गरज होती का, हे आमच्या घरात अजून कुणी मला मोठ्याने विचारत नाही.

महागड्या राऊटरमध्ये नेमकं काय मिळतं, तेही बघू. खोक्यावर मोठ्ठा आकडा असतो. एएक्स ३००० असं लिहिलंय समजा. तर ५ गिगाहर्ट्झवर २४०२ आणि २.४ वर ५७४, ही बेरीज झाली २९७६, ती पुढे ढकलून ३०००. सीबीएस स्टँडहून सुटणाऱ्या आणि नाशिकरोडहून सुटणाऱ्या बसमधल्या जागा एकत्र मोजल्या म्हणून तुम्हाला दोन्हींत बसता येत नाही. मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि हे आकडे कागदावरचे, तेही राऊटरला खेटून बसल्यावरचे. तुमच्याकडे बाहेरून येतंय १५०. वाय-फाय ६ चा बऱ्यापैकी साधा राऊटरसुद्धा एका खोलीत एवढं सहज देतो.

वाय-फाय ७ च्या महाग मॉडेलांत बरेचसे पैसे ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्याचे असतात. अमेरिकेने तो एप्रिल २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ रुंद उघडला. आपल्याकडे मे २०२५ मध्ये मसुदा निघाला तो ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे निम्म्याहून कमी. तेव्हा खोक्यावरचा आकडा कुठल्या देशाचा, हे दुकानदाराला विचारा. पण तुमच्या बाबतीत त्याहून साधी गोष्ट आहे. लहर जेवढी वरच्या फ्रिक्वेन्सीची, तेवढी ती भिंतीला लवकर हरते. २.४ रडतखडत दोन भिंती पार करते, ५ एकीतच दमते, ६ त्याहून नाजूक. म्हणजे ज्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजायचे, ते तुमच्या ओसरीचा उंबरा ओलांडून फार पुढे जाणार नाही.

(तुमच्या वाय-फायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असेल, ते ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या ५जीशी त्याचं काही नातं नाही. या एका अक्षरापायी माझ्याकडे आठवड्याला एक पत्र येतं.)

आणि ती आठ शिंगं? राऊटरने किती जोराने बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, ती महागाला आणि स्वस्ताला सारखीच. जास्त अँटेनांनी थोडाफार फायदा होतो, नाही असं नाही. पण संभाषण दोघांचं असतं. राऊटर ओसरीतून कितीही ओरडला तरी मुलाच्या लॅपटॉपला मागच्या खोलीतून उत्तर द्यावं लागतं, आणि त्याचा आवाज लहानच राहतो. मीटिंगमध्ये मुलाला सगळे दिसतात पण त्याचं तोंड गोठतं, ते बरेचदा यामुळेच.

मग करायचं काय? फुकटचं आधी. डबा लोखंडी कपाटावरून हलवा. लोखंड लहरी परतवतं, कपाटामागची सगळी बाजू अंधारात जाते. नातवंडांची भीती असेल तर जिन्याच्या तोंडाशी, खुंटीच्या उंचीवर लाकडी फळी ठोकून घ्या. जिना म्हणजे तुमच्या घरातली एकच अशी जागा जिथे भिंत नाही.

मग वायर. ओसरीतून एक वायर मुलाच्या खोलीत, एक गच्चीवर. कॅट ६ जातीची वायर मागा आणि 'सीसीए नको, पूर्ण तांब्याची द्या' असं स्पष्ट सांगा. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चमकली तर परत करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. भिंत फोडायची नाही. तुळईच्या कडेने केसिंगची पट्टी मारून जिन्याच्या फटीतून वायर वर जाते, वाड्यांत आम्ही असंच करायचो. वायरमन गेला की दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरून आठ तारा मोजा. माझी शपथ.

दोन्ही वायरींच्या वरच्या टोकाला एकेक छोटा वाय-फाय ६ चा राऊटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल. हा मोड विसरू नका, नाहीतर दोन मालक एकाच घरात हुकूम सोडतात आणि मुलाच्या कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारी सुरक्षित वाट) रुसू शकतं. तिन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्या, २.४ च्या पट्ट्यावर चॅनेल १, ६ आणि ११ वाटून द्या, म्हणजे ते एकमेकांच्या बोलण्यात येणार नाहीत. मोबाइल चालता चालता जवळचा धरेल. कधी कधी लांबच्यालाच चिकटून बसतो, तेव्हा वाय-फाय बंद करून चालू करायचं, एवढंच. मुलाचा लॅपटॉप तर सरळ वायरीलाच लावा. हे सगळं, मजुरी धरून, माझ्या अंदाजाने सात-आठ हजारांत बसावं.

वायरीला घरातून नकारच आला, तर मेशचे, म्हणजे एकमेकांशी वायरीशिवाय बोलणारे, दोन-तीन डबे. पण दुसरा डबा नेट न येणाऱ्या खोलीत ठेवू नका. त्यालाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? जिथे अजून बरं येतंय, तिथे, म्हणजे जिन्याच्या वळणावर ठेवा.

भाच्याला एवढं सांगा, की एक गिगचा प्लॅन, पातळ भिंती, आणि घरात तीस-चाळीस उपकरणं असतील तेव्हा त्याचा राऊटर मीही घेईन.

प्रश्न : नाशिकरोडला आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टर लागतो, पण तेवढ्यात राऊटर बंद होऊन चालू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. चांगल्या राऊटरमध्ये हे होत नाही का?
— एक वाचक, जेलरोड

उत्तर : होतंच. तो लहानसा कॉम्प्युटर आहे, वीज तुटली की पुन्हा पहिल्यापासून उठतो. राऊटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. आधी ॲडॅप्टर उलटा करून व्होल्ट वाचा. बहुतेक १२ असतात, काही ९, चुकीचा लावला तर राऊटरच जाईल. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन्हींना बॅकअप हवा. घरापर्यंत खरं फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरच्या अनेक फांद्या करतो तो) वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीत अंधार असला तरी नेट चालतं. केबलवाल्याने वाटेत कुणाच्या तरी गच्चीवर विजेवरचा स्विच बसवला असेल, तर त्या गच्चीवरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. त्याला तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. तेव्हा आधी त्याला विचारा, मग पैसे खर्च करा.

प्रश्न : रस्त्याची खोदाई सुरू झाल्यापासून डब्यावर लाल दिवा लागतो. राऊटर बदलू का?
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : नको. दिव्याखाली 'एलओएस' लिहिलेलं असेल तर प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही, बाहेर फायबर तुटलंय. सिंहस्थाच्या कामांत जेसीबीच्या दातांना फायबर दिसत नाही. तक्रार नोंदवण्याआधी फक्त डब्यामागची बारीक पिवळी वायर बघा, सोफा किंवा कपाट सरकवताना ती चिमटली जाते. बोटाभोवती अंगठीसारखी वळली असेल तर सैल करा. ती उपसून टोकात डोकावू नका. आत अवरक्त लेसर असतो, तो दिसत नाही, म्हणून आतून काहीच येत नाही असं वाटतं, पण डोळ्याला इजा होऊ शकते.