बॅक्लोफेनचा परिणाम कमी दिसतो, म्हणून रिसेप्टर निकामी ठरत नाही

तुमच्या प्रश्नातील अडचण माझ्या चांगल्या ओळखीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. उंदराच्या मेंदूतून काढलेल्या सिनॅप्टोसोममध्ये (चेतापेशींच्या तुटून वेगळ्या झालेल्या टोकांमध्ये) पोटॅशियम क्लोराइड घातल्यावर जे ग्लुटामेट हे उत्तेजक संदेशरसायन सुटते, ते बॅक्लोफेनने (गाबा-बी रिसेप्टरला उत्तेजित करणाऱ्या औषधाने) जेमतेमच कमी झाले आणि त्यावरून येथे गाबा-बी रिसेप्टर, म्हणजे गाबा या शमक संदेशरसायनाला प्रतिसाद देणारे प्रथिन, काम करत नाही, असे तुमच्या मार्गदर्शकांनी ठरवले, असे तुम्ही म्हणता. सिनॅप्टोसोम कसे करायचे हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. नॉर्मन बावरी आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये बॅक्लोफेनने मेंदूतील स्राव घटतो हे दाखवले, तेव्हापासून यंत्रणा बरीच उलगडली आहे. रिसेप्टरमुळे जी-प्रथिन (पेशीच्या आत संदेश पुढे नेणारे प्रथिन) कार्यान्वित होते आणि त्याचा बीटा-गॅमा भाग टोकावरील कॅल्शियम चॅनेलला आवर घालतो. स्राव कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे बदलत असल्याने आत येणारे कॅल्शियम 20 टक्क्यांनी घटले तरी स्राव सुमारे 41 टक्क्यांवर येऊ शकतो. मात्र तीव्र विध्रुवीकरण (पोटॅशियममुळे पेशीपटलावरचा विद्युतदाब घटणे) झाले की बीटा-गॅमाची ही पकड सैल होते. त्यामुळे पोटॅशियम जास्त घातले असेल, तर खरा परिणामही झाकला जाण्याची शक्यता आहे. पोटॅशियम कमी करा आणि जोडीला 4-अमिनोपिरिडीनने (पोटॅशियम चॅनेल अडवून टोके उत्तेजित करणाऱ्या रसायनाने) तोच प्रयोग करा.

यापेक्षा मोठी शंका वेगळी आहे. सिनॅप्टोसोमच्या मिश्रणात गाबा सोडणारी टोकेही असतात. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात) ढवळत ठेवलेल्या द्रवातून त्यांचा गाबा वाहून जात नाही आणि तुम्ही बॅक्लोफेन घालण्याआधीच रिसेप्टर अर्धेअधिक गुंतलेले असू शकतात. हे तपासण्यासाठी सीजीपी 55845 सारखा अँटागोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवणारे रसायन, लागतो. नेमका तोच मला मिळू दिला गेला नाही. नाशिकमधील ज्या संस्थेत मी काम करत होतो, तिच्या खरेदी विभागाने मागणीपत्रातील ती ओळ ‘एकाच रिसेप्टरसाठी दोन रसायने, पुनरुक्ती’ असा शेरा मारून लाल शाईने खोडली, आणि एक उत्तेजित करते तर दुसरे अडवते, हे समजावून घेण्याची तयारी तेथे कोणाचीही नव्हती. परीक्षकांनी पुढे पहिला प्रश्न अँटागोनिस्टबद्दलच विचारला. तेव्हा मागणीपत्रात प्रत्येक रसायनापुढे ‘तुलनेसाठी अनिवार्य’ असे कारण साध्या मराठीत लिहा. शीतपेटी मंगळवार-बुधवारी पोहोचेल असेही पाहा. शनिवारी आलेली पेटी आवक टेबलावरच सोमवार पाहते आणि एप्रिलमध्ये त्यातला बर्फ टिकत नाही.

मी डॉक्टर नाही. हे वाचून घरातील कोणाच्या बॅक्लोफेनच्या गोळ्या कमी-जास्त करू नका. ते औषध एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात.

अँटागोनिस्ट हाती आला की आधी तो एकटाच घाला. नुसत्या त्यानेच ग्लुटामेट वाढले, तर तुमच्या क्युव्हेटमध्ये गाबा आधीपासूनच काम करत होता असे समजा. मग द्रव सतत वाहता ठेवून, म्हणजे सुपरफ्यूजन पद्धतीने, बॅक्लोफेन पुन्हा तपासा. अँटागोनिस्टने काहीच हालले नाही आणि तरीही बॅक्लोफेनचा परिणाम क्षीणच राहिला, तर मात्र मार्गदर्शकांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागेल.